हलबजाचा विषारी हल्ला : जबाबदार कोण, हे कसे ठरले?

१६ मार्च १९८८ रोजी इराकमधील हलबजा या कुर्द शहरावर विषारी वायूंचा मारा झाला. मृतांचा आकडा ३,२०० ते ५,००० असा सांगितला जातो. जखमी त्याहून अधिक होते. बळी पडलेले बहुतेक सामान्य नागरिक होते. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. तरीही 'हे कोणी केले?' या प्रश्नावर पुढे अनेक वर्षे वाद चालला. तो वाद कसा उभा राहिला, कोणत्या पुराव्यांनी त्याचे उत्तर मिळाले आणि 'जबाबदार' या शब्दात कोण कोण येते, हे समजून घेणे आजही गरजेचे आहे.

काय घडले?

इराण-इराक युद्ध १९८० पासून सुरू होते. हलबजा इराणच्या सीमेजवळ आहे. मार्च १९८८ च्या मध्यावर इराणी सैन्य आणि त्यांच्या बाजूने लढणारे कुर्द पेशमर्गा यांनी शहराचा ताबा घेतला. त्यानंतर आधी साध्या बॉम्बचा मारा झाला. लोक जीव वाचवण्यासाठी तळघरांत शिरले. मग विमानांतून रासायनिक बॉम्ब पडले. हे वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरतात; त्यामुळे आसऱ्याची तळघरेच मृत्यूची जागा ठरली. वाचलेल्यांनी सफरचंदासारखा आणि लसणासारखा वास आल्याचे सांगितले. मस्टर्ड वायू आणि मज्जासंस्था बंद पाडणारी रसायने यांचा हा मारा होता.

युद्धात विषारी वायू वापरण्यास १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने बंदी घातली होती आणि इराकने १९३१ मध्येच तो मान्य केला होता.

संशय इराणवर कसा गेला?

इराणने परदेशी पत्रकारांना हलबजात नेले. तान्ह्या बाळाला कवटाळून घराच्या दाराशी मरून पडलेल्या बापाचे छायाचित्र जगभर पोहोचले. पण त्या काळात अमेरिकेचा कल इराकच्या बाजूने होता. हल्ल्यानंतर आठवड्याभरातच अमेरिकी परराष्ट्र खात्याने इराकचा निषेध केला आणि त्याच वेळी इराणनेही रासायनिक तोफगोळे वापरले असावेत असे सूचित केले.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ९ मे १९८८ रोजी ठराव ६१२ संमत केला. त्यात रासायनिक अस्त्रांच्या वापराचा निषेध होता. मात्र गुन्हेगार म्हणून एकाही देशाचे नाव नव्हते. दोन्ही बाजूंनी संयम पाळावा, अशी अपेक्षा तेवढी व्यक्त झाली. मारणारा आणि मरणारा एकाच ओळीत बसवले गेले. याचा फायदा मारणाऱ्यालाच झाला. त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत कुर्दांच्या गावांवर वायूहल्ले होत राहिले.

१९९० मध्ये अमेरिकी लष्करी महाविद्यालयाच्या एका अहवालाने इराणकडे बोट दाखवले. त्याचे एक लेखक स्टीफन पेलेटियर यांनी जानेवारी २००३ मध्ये, इराकवरील स्वारीच्या तोंडावर, तेच मत वृत्तपत्रातून पुन्हा मांडले. युक्तिवाद असा : मृतांचे ओठ आणि हातपाय निळे पडले होते, म्हणजे सायनाईडने मृत्यू झाला, आणि ते अस्त्र इराकचे नव्हे तर इराणचे.

उत्तर कसे मिळाले?

पहिली गोष्ट, निळेपणा हा एकट्या सायनाईडचा पुरावा नाही. श्वास बंद पडून मरणाऱ्याचे अंगही निळे पडते. शिवाय टाबुन या विषाचे विघटन होताना सायनाईड तयार होते. इराणने सायनाईडचे अस्त्र वापरल्याचा ठोस पुरावा मात्र पुढे आलाच नाही.

दुसरी गोष्ट, वाचलेल्यांच्या साक्षी. वेगवेगळ्या लोकांनी स्वतंत्रपणे इराकी विमाने पाहिल्याचे सांगितले.

तिसरी गोष्ट, कागदपत्रे. १९९१ च्या उठावात कुर्दांच्या हाती इराकी सरकारची सुमारे १८ टन कागदपत्रे लागली. ह्यूमन राइट्स वॉचने त्यांचा अभ्यास केला. उत्तर इराकचा कारभार पाहणारा अली हसन अल-मजीद कुर्दांवर रासायनिक अस्त्रे वापरण्याची भाषा करतो, अशी ध्वनिफीतही सापडली.

चौथी गोष्ट, माती. १९८८ च्या ऑगस्टमध्ये हल्ला झालेल्या बिरजिन्नी या कुर्द गावातून १९९२ मध्ये नमुने घेतले गेले. ब्रिटनमधील प्रयोगशाळेत त्यांत सारिन आणि मस्टर्ड वायूचे अंश आढळले. चार वर्षांनंतरही मातीने साक्ष दिली.

जुलै १९८८ मध्ये इराकचे परराष्ट्रमंत्री तारिक अझीझ यांनीही युद्धात रासायनिक अस्त्रे वापरल्याचे कबूल केले होते. सुरुवात इराणने केली, एवढाच त्यांचा बचाव होता.

न्यायालयात काय झाले?

सद्दाम हुसेनला डिसेंबर २००६ मध्ये दुजैल येथील हत्याकांडासाठी फाशी झाली. हलबजाबद्दल त्याला कधीच उत्तर द्यावे लागले नाही. अल-मजीदला १७ जानेवारी २०१० रोजी हलबजा प्रकरणी मृत्युदंड सुनावला गेला आणि त्याच महिन्यात तो अमलात आला.

आणखी एक खटला नेदरलँड्समध्ये चालला. फ्रान्स व्हॅन अनराट या डच व्यापाऱ्याने इराकला थायोडायग्लायकॉल हे रसायन मोठ्या प्रमाणात विकले होते. ते कापड उद्योगातही लागते आणि मस्टर्ड वायू बनवण्यासाठीही. माल कापडासाठी आहे असे आपण समजत होतो, हा त्याचा दावा न्यायालयाने मानला नाही. वंशसंहारातील सहभागाच्या आरोपातून तो सुटला, पण युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती वाढून १७ झाली आणि शेवटी साडेसोळा वर्षांवर आली.

तथागतांनी उपासकांसाठी वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत विषाचा व्यापार, म्हणजे विसवणिज्जा, आहे. विकणाऱ्याच्या हाताने कोणी मरत नाही. तरीही सम्यक आजीविकेत त्या व्यापाराला जागा नाही. व्हॅन अनराटच्या खटल्यातही प्रश्न हाच होता : माल कशासाठी जातो आहे हे त्याला ठाऊक होते का? धम्म कर्म तोलताना चेतना पाहतो. न्यायालयानेही त्याला काय ठाऊक होते हेच पाहिले.

आज काय बदलले?

रासायनिक अस्त्रबंदी करार १९९७ पासून लागू आहे. पण 'कोणी केले' हे ठरवण्याचा अधिकार तरीही सहज मिळाला नाही. २०१३ मध्ये सीरियातील घौटा येथे सारिनचा हल्ला झाला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या पथकाला अस्त्र वापरले की नाही एवढेच सांगायची मुभा होती. जून २०१८ मध्ये सदस्य देशांनी मतदान करून रासायनिक अस्त्रबंदी संघटनेला सीरियातील हल्ल्यांचे दोषी शोधण्याचे काम दिले.

म्हणून पुढे कधी अशा हल्ल्याची बातमी आली आणि 'दोन्ही बाजू एकमेकांवर आरोप करत आहेत' एवढ्यावरच ती संपली, तर काही प्रश्न विचारावेत. त्या जागेचा ताबा कोणाकडे होता? विमाने कोणाकडे होती? नमुने कोणी घेतले आणि कुठे तपासले? शंका घेणाऱ्याचे हितसंबंध कोणाशी आहेत? आणि रसायन कोणी विकले? हलबजाच्या लोकांना या प्रश्नांची उत्तरे मिळायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.