शुक्रवार, १३ जून १२३१

लग्नाची तारीख धरताना, घराचा पाया घालताना किंवा लांबच्या प्रवासाला निघताना तेरा तारीख आणि शुक्रवार एकत्र आले, की आपल्या धर्मग्रामांतील सुशिक्षित कुटुंबांतही क्षणभर चलबिचल होते. कारण विचारावे, तर अखेरच्या भोजनाला बसलेले तेरा जण आणि प्रभू येशूच्या क्रूसमरणाचा शुक्रवार यांचा दाखला दिला जातो. अशा वेळी इतिहासातील एका तारखेचे स्मरण करून द्यावेसे वाटते.

इ. स. १२३१ च्या जून महिन्यात संत अंतोनी कांपोसांपिएरो येथे अत्यवस्थ झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांना बैलगाडीतून पादुआकडे नेण्यात येत होते. परंतु शहराबाहेरील आर्चेला येथेच त्यांनी देह ठेवला. तो दिवस होता शुक्रवार, १३ जून. दफन कोठे व्हावे यावरून वाद माजला आणि अखेर मंगळवारी, १७ जूनला, पादुआत त्यांचा दफनविधी झाला. पुरते वर्षही उलटले नाही तोच, ३० मे १२३२ रोजी पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

आता जगाच्या भयाची यादी पाहा. इंग्रजी भाषक १३ तारखेच्या शुक्रवाराला भितात. स्पेनमध्ये १३ तारखेचा मंगळवार अशुभ. कारण तो युद्धदेवता मार्सचा, म्हणजे आपल्याकडे पत्रिकेत ज्याचा धसका घेतात त्याच मंगळाचा वार. इटलीत १७ हा आकडा नकोसा. रोमन पद्धतीने लिहिलेल्या सतराची अक्षरे फिरवली, की ‘मी जगलो’, अर्थात ‘माझे जगणे संपले’, असा लॅटिन शब्द होतो. या हिशेबाने संत अंतोनींचे मरण आणि दफन दोन्ही कुमुहूर्तावर झाले! भाविकांनी मात्र तोच मंगळवार त्यांच्या भक्तीचा वार केला आणि पुढे सलग तेरा मंगळवारांची उपासना रूढ झाली.

शुक्रवार आणि तेरा यांची जोडी प्राचीनही नाही. दोहोंविषयीची भीती युरोपात वेगवेगळी नांदत होती. ती एकत्र आली एकोणिसाव्या शतकात. शुक्रवार, १३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्समध्ये टेंप्लर सरदारांची धरपकड झाली हे खरे. पण त्या घटनेशी या समजुतीचा संबंध फार उशिरा जोडला गेला.

दोष केवळ इतरांचा नाही. मध्ययुगीन ख्रिस्ती दिनदर्शिकांतही दर महिन्याचे दोन ‘इजिप्शियन दिवस’ अशुभ म्हणून नोंदलेले आढळतात. वास्तविक दिवस, महिने व ऋतू पाळणाऱ्या गलतीकरांना संत पौलाने फार पूर्वीच खडसावले होते. १९९२ च्या ‘कॅथोलिक धर्मशिक्षणा’नेही अंधश्रद्धेला पहिल्या आज्ञेचा भंग म्हटले आहे.

२०२५ साली १३ जून शुक्रवारीच आला. त्या दिवशी अंतोनींचा सण कोणी पुढे ढकलला नाही. मग मुलीचे लग्न तरी का ढकलावे?