वंध्यत्व उपचारानंतरचे गर्भारपण : एक भ्रूण की दोन?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून एक कन्या जन्मली आणि ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. (कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे साधले होते. हयातीत त्यांना मान्यता मिळाली नाही.) तीच कन्या २०१६ मध्ये स्वतः आई झाली. गोव्यातही २०२३ पासून बांबोळीच्या गोमेकॉ इस्पितळात आयव्हीएफ उपचार मोफत उपलब्ध झाले आहेत. गर्भ राहिला की लढाई जिंकली, असे कुटुंबाला वाटते. वैद्यकीयदृष्ट्या खरी देखरेख तेथून सुरू होते.

सर्वांत मोठी जोखीम प्रयोगशाळेतील तंत्रापेक्षा गर्भाशयात सोडलेल्या भ्रूणांच्या संख्येत असते. वर्षानुवर्षांची प्रतीक्षा आणि लाखांचा खर्च यांमुळे ‘एकदाच जुळी झाली तर बरे’ असे दांपत्याला वाटणे समजण्यासारखे आहे. पण जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवड्यांपूर्वी जन्मतात आणि अनेकांचे वजन अडीच किलोपेक्षा कमी भरते. फार लवकर आलेल्या बाळाची फुप्फुसे पक्व नसतात. श्वास, स्तनपान, जंतुसंसर्ग, दृष्टी अशा साऱ्याच आघाड्यांवर त्याला झगडावे लागते. आईलाही रक्तदाब, मधुमेह, रक्तक्षय आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव यांचा धोका वाढतो. स्वीडनने २००३ मध्ये सर्वसाधारणपणे एकच भ्रूण सोडण्याचा नियम केला. त्यानंतर जुळ्यांचे प्रमाण झपाट्याने घटले, तर गर्भधारणेच्या यशात लक्षणीय घट झाली नाही. उरलेली भ्रूणे गोठवून पुढच्या वेळी वापरता येतात.

बाळ एकच असले तरी जोखीम पूर्णपणे संपत नाही. अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजन आणि वार गर्भाशयाच्या तोंडाशी असणे हे प्रकार नैसर्गिक गर्भधारणेपेक्षा काहीसे अधिक आढळतात. जन्मजात व्यंगांचे प्रमाणही थोडे जास्त असते, तरी बहुसंख्य बाळे निरोगीच जन्मतात. यातला किती वाटा उपचाराचा आणि किती मूळ वंध्यत्वाचा वा वाढलेल्या वयाचा, हे वेगळे काढणे कठीण आहे. गोठवलेल्या भ्रूणापासूनच्या गर्भारपणात बाळ कमी वजनाचे होण्याची शक्यता घटते. मात्र आईचा रक्तदाब वाढण्याची आणि बाळ प्रमाणाबाहेर मोठे होण्याची शक्यता वाढते.

वयाचा प्रश्न २०१९ मध्ये आंध्रातील गुंटूर येथे ठळकपणे पुढे आला. तेथे सत्तरी ओलांडलेल्या महिलेने आयव्हीएफद्वारे जुळ्या मुलींना जन्म दिला. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असे ठरवून दिले. पण कायद्याने मुभा दिली म्हणून चाळिशीनंतरचे गर्भारपण सोपे होत नाही.

गर्भधारणा झाल्यावर अनेक जोडपी उपचार केंद्राचा निरोप घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे जातात आणि उपचार झाल्याचे संकोचाने लपवतात. हा संकोच महागात पडू शकतो. किती भ्रूणे सोडली, ती ताजी होती की गोठवलेली, बीज स्वतःचे होते की दात्याचे, हा तपशील प्रसूतितज्ज्ञाला ठाऊक असला पाहिजे. अठरा ते बावीस आठवड्यांतील सोनोग्राफी चुकवू नये, रक्तदाब नियमित तपासावा. जुळी असल्यास नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या इस्पितळातच प्रसूतीची नोंदणी करावी. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही जाणवल्यास पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये.