तळटीप : मोंतेरिज्जोनीचा तट

मोंतेरिज्जोनी हे तोस्कानातले टेकडीवरचे तटबंद खेडे. फिरेंझेशी वैर असलेल्या सिएनाने ते 1213 ते 1219 या काळात सरहद्दीवरचे ठाणे म्हणून वसवले. तटाचा घेर सुमारे 570 मीटर, बुरूज 14, दरवाजे दोनच. हे खेडे टिकले याचे श्रेय सहसा तटाच्या मजबुतीला दिले जाते; मला ते पटत नाही. 1554 मध्ये ठाणे तोफांच्या माऱ्याने नव्हे, तर किल्लेदाराने स्वाधीन केल्यामुळे पडले. पुढच्याच वर्षी सिएनाही पडले, मग सरहद्दच उरली नाही. नव्या युद्धतंत्रासाठी तट पाडून बांधण्याची कुणाला निकड नव्हती, आणि वस्ती तटाबाहेर पसरावी इतकी भरभराटही आली नाही. महत्त्व गेले म्हणून तट राहिला.

यावर कोणी म्हणेल, निरुपयोगी तटाचे दगड तर लोक घरांसाठी उचलून नेतात. आपल्याकडच्या कित्येक गढ्या अशाच संपल्या. खरे आहे. पण इथे वस्ती कधी पूर्ण उठली नाही. तटाच्या आत, घरांच्या मागे आजही भाजीचे वाफे आणि बागा आहेत. वेढ्याच्या काळात त्यांचाच आधार असे. राहत्या घराचे कुंपण कोणी सहसा मोडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : दान्तेने ‘इन्फेर्नो’च्या 31व्या सर्गात नरकातल्या राक्षसांना ज्यांची उपमा दिली, ते बुरूज आजच्यापेक्षा उंच होते, आणि आजच्या बुरुजांवर नंतरच्या डागडुजीचा हातही आहे. म्हणून वाचकाने तिथे बुरुजांच्या माथ्यांपेक्षा टेकडीच्या कडेने वळत गेलेली तटाची रेषा पाहावी. अस्सल तेराव्या शतकाचा पुरावा तीच देते.