हॅम्लिनची थकबाकी

इंग्रजी शाळेत शिकलेल्या आपल्याकडील अनेकांची हॅम्लिनच्या पुंगीवाल्याशी बालपणीच ओळख झालेली असते. उंदरांनी गांजलेले नगर, रंगीबेरंगी झग्यातील तो परका इसम, त्याच्या सुरांमागे धावत जाऊन नदीत बुडालेले उंदीर आणि नगराने शब्द फिरविताच त्याच पुंगीमागे डोंगराच्या पोटात नाहीशी झालेली मुले! आम्हीही ही कविता शाळेत घोकली होती. परंतु उंदरांच्या गमतीपलीकडे तिच्यात काही असेल अशी शंका तेव्हा आम्हांस आली नाही. पुढे घरातील बालमंडळीस ती वाचून दाखविण्याचा प्रसंग आला, तेव्हा शेवटी एकाने विचारले, "पैसे नगराध्यक्षाने बुडवले, मग मुलांनी काय केले होते?" ह्या प्रश्नास आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही. ते शोधावे म्हणून आम्ही ह्या कथेच्या इतिहासाकडे वळलो.

रॉबर्ट ब्राउनिंगने ही कविता लिहिली ती एका आजारी मुलासाठी. विख्यात इंग्रज नट विल्यम मॅक्रेडी ह्याचा मुलगा विली ह्यास चित्रे काढण्याचा नाद होता. अंथरुणात त्याचा वेळ जावा, त्याने चित्रे काढावीत, एवढ्याच हेतूने कवीने ही कथा पद्यात रचिली. पुढे १८४२ साली 'ड्रॅमॅटिक लिरिक्स' ही पुस्तिका छापली जात असता मजकूर कमी पडला, म्हणून पाने भरून काढण्याकरिता तीत हिला जागा मिळाली. पानपूरक म्हणून आलेली ही कविता ब्राउनिंगच्या अनेक गंभीर काव्यांहून अधिक वाचली गेली.

कवितेतील व्यवहार मोठा बोलका आहे. पुंगीवाला मागतो एक हजार गिल्डर. त्रासून गेलेला नगराध्यक्ष आणि त्याचे सभासद आनंदाच्या भरात म्हणतात, एक कशाला, पन्नास हजार देऊ! उंदीर वेझर नदीत बुडतात, आणि हजार गिल्डरांची मागणी पुढे येताच साऱ्यांचे चेहरे उतरतात. मेजवान्यांनी तिजोरी रिती झालेली असते. शिवाय मेलेले उंदीर काही परत येणार नसतात. अखेर हातावर ठेवू पाहतात ते पन्नास. तोंडाने पन्नास हजार, प्रत्यक्षात पन्नास! ज्यांचे आयुष्य सरकारी दप्तरात गेले त्यांस ही रीत अपरिचित नाही. अडचण उभी असते तोवर मंजुरी उदार असते. काम उरकले की बिलावर आक्षेप निघू लागतात.

ह्या काव्यात कालगणनेची चोख अपेक्षा मात्र कोणी करू नये. आपली लायकी पटविताना पुंगीवाला आशियातील एका निजामाची वटवाघळांपासून सुटका केल्याचे सांगतो. कवीने घटनेचे साल दिले आहे १३७६. आणि अहमदनगरची निजामशाही १४९० ची, तर हैदराबादची आसफजाही १७२४ ची! परंतु खरा विस्मय पुढेच आहे.

हामेल्न हे जर्मनीतील वेझरकाठचे खरेखुरे नगर आहे, आणि तेथील जुनी नोंद १२८४ सालची घटना सांगते. तेथील चर्चमध्ये सुमारे १३०० साली बसविलेल्या रंगीत काचेच्या खिडकीवर हा प्रसंग चितारलेला होता. ती खिडकी १६६० मध्ये नष्ट झाली. पंधराव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या लुनेबुर्ग येथील हस्तलिखितात वृत्तांत असा आहे: २६ जून १२८४ रोजी उत्तम पोशाख केलेला एक देखणा तरुण पूल ओलांडून नगरात आला आणि रुप्याची पुंगी वाजवू लागला. ती ऐकून १३० मुले त्याच्यामागे गेली व दिसेनाशी झाली. त्यांच्या माता गावोगाव धावत फिरल्या. त्यांना काही सापडले नाही.

वृत्तांत एवढाच. त्यात उंदीर नाहीत, करार नाही, हजार गिल्डर नाहीत, मोडलेले वचनही नाही! उंदीर कथेत शिरले ते सोळाव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर पावणेतीनशे वर्षांनी; आणि त्यांच्यामागोमाग आली ती बुडविलेली मजुरी.

मुलांचे झाले काय, ह्याविषयी विद्वानांनी अनेक तर्क केले आहेत. त्यांतील एक आम्हांस विशेष विचारात घेण्याजोगा वाटतो. तेराव्या शतकात पूर्वेकडील प्रदेशांत जर्मन वसाहती होत होत्या, आणि माणसे गोळा करणारे मुकादम गावोगाव हिंडून जमीन व सवलती ह्यांची आमिषे दाखवीत. जुन्या नोंदींत 'नगराची मुले' म्हणजे नगरातील तरुण रहिवासी, असाही अर्थ घेता येतो. युर्गेन उडोल्फ ह्या भाषापंडिताने पूर्वेकडील स्थलनामे व आडनावे ह्यांच्या आधारे हाच पक्ष मांडला आहे. हा तर्क खरा धरला तर कथा पार उलटते. वचने देणारा तो पुंगीवालाच ठरतो, आणि नगर केवळ मागे उरलेले!

मग नगराने हा दोष आपल्या माथी का घेतला? हॅम्लिनकरांनी हा वियोग विसरण्याचा यत्न केला नाही. १५५६ साली उभारलेल्या वेशीवर, मुले गेल्यानंतर २७२ वर्षांनी ही वेस बांधली, असा मजकूर त्यांनी कोरून ठेविला. एका गल्लीत वाद्य वाजविण्यास मनाई असे. अकारण आलेले दुःख माणसास सोसवत नाही, त्याला कारण हवे असते. आणि ज्या समाजाचा विवेक जागा आहे तो ते कारण प्रथम आपल्याच वर्तनात शोधतो. आपली मुले का गेली, ह्या प्रश्नाला शतकांनंतर कथेने दिलेले उत्तर असे आहे: आपण कोणाचे तरी देणे बुडविले असले पाहिजे. इतिहास म्हणून ह्या उत्तरास आधार नाही. कबुलीजबाब म्हणून मात्र ते आम्हांस थोर वाटते.

ब्राउनिंगने नेमके हेच उत्तर उचलले. कवितेच्या अखेरीस तो विलीस सांगतो की सर्वांचे हिशेब चुकते करावेत आणि दिलेला शब्द पाळावा. ह्या साध्या बोधामागे घरातील त्या प्रश्नाचे उत्तर आहे. मुलांनी काहीच केले नव्हते. पन्नास हजारांचा शब्द देणारे खुर्चीवर तसेच बसून राहिले, आणि त्या सभागृहात ज्यांना प्रवेशही नव्हता ती पोरे डोंगरात गेली. वडिलांनी काढलेले कर्ज पोरांनी फेडावे, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. मोडलेला शब्दही तसाच वारशाने येतो. त्या बालकास आम्ही हे सांगितले. त्याने क्षणभर विचार केला आणि गेल्या रविवारी आम्ही कबूल केलेल्या पतंगाची आठवण करून दिली. आम्ही पायांत चपला घातल्या आणि त्याला घेऊन बाजाराची वाट धरली.