शासनाचे उत्तरदायित्व : कंपनी राजवटीचा वारसा

शासकीय सेवकाच्या हलगर्जीपणामुळे प्रजाजनाची हानी झाल्यास ती शासनाने भरून द्यावी काय, या प्रश्नाचा आधुनिक भारतीय इतिहास कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीपासून पाहणे उचित होय. तेथे सरकारी कामगारांच्या हातून लोखंडी वस्तू पडली. आवाजाने बुजलेला पेनिन्सुलर अँड ओरिएंटल कंपनीचा घोडा जखमी झाला. १८६१ मध्ये मुख्य न्यायाधीश पीकॉक यांनी भरपाई मान्य केली. ईस्ट इंडिया कंपनी मुळात व्यापारी. तेव्हा खाजगी व्यक्तीही करू शकेल अशा कार्यातील प्रमादास सरकार जबाबदार, सार्वभौम सत्तेच्या कृत्यांस नव्हे, असा भेद त्यांनी केला.

संविधानाच्या अनुच्छेद ३०० ने हेच उत्तरदायित्व पुढे चालविले. १९६२ मध्ये सरकारी जीपच्या अपघाताबद्दल राजस्थान राज्य जबाबदार ठरले; परंतु १९६५ च्या कस्तुरीलाल खटल्यात मीरत पोलिसांच्या ताब्यातील सोने नाहीसे होऊनही भरपाई नाकारली गेली. निर्णायक ठरले ते हानीचे नव्हे, तर कार्याचे स्वरूप. १९८३ पासून सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कभंगाबद्दल थेट भरपाई देण्यास आरंभ केला. तथापि विधी आयोगाने १९५६ मध्ये सुचविलेला सर्वसाधारण कायदा संसदेने केलेला नाही. परिणामी, व्यापारी कंपनीसाठी आखलेली रेषा प्रजासत्ताकातील नागरिकाच्या वाट्यास आली.