पिशवी काढण्याआधी कुणी आत पाहिलं का?

आपल्या वस्त्यांमध्ये बाई सहज सांगते, "पिशवी काढली." कशासाठी, असं विचारलं की उत्तर येतं, "डॉक्टर म्हणले, नाहीतर कॅन्सर होईल." तपासणीचा कागद बहुतेकींकडे नसतो. या एका वाक्यामागचा इतिहास आम्हाला मांडायचा आहे.

1869 साली पँटालिओनी नावाच्या डॉक्टरने साठ वर्षांच्या एका बाईच्या गर्भाशयात नळीतून प्रकाश सोडून पाहिलं. पाळी थांबल्यानंतरही तिला रक्तस्राव होत होता. आत कोंब दिसला आणि त्याने तो सिल्व्हर नायट्रेटने जाळला. गर्भाशय जागेवरच राहिलं. म्हणजे आत पाहून, नेमका दोष शोधून, तेवढ्यावरच उपचार करता येतो हे दीडशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं. आज तर सोनोग्राफी आहे, दुर्बिणीची तपासणी आहे, अस्तराचा तुकडा तपासता येतो. कोंब दुर्बिणीतूनच काढता येतो आणि जास्त रक्तस्रावावर गोळ्या किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू चालते.

पण ज्ञान आलं म्हणून ते सगळ्यांच्या वाट्याला आलं, असं होत नाही. स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याचा गौरव झाला त्या मॅरियन सिम्सने 1840 च्या दशकात अलाबामात गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या. त्या गर्भाशयाच्या आतल्या नव्हत्या, मूत्राशय आणि योनी यांच्यातल्या छिद्रावरच्या होत्या. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही त्यातली तीन नावं. एकट्या अनार्कावर सुमारे 30 वेळा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा 2018 साली हलवण्यात आला. ज्यांच्या शरीरावर हे शास्त्र शिकलं गेलं, त्यांची नावं लोकांच्या तोंडी यायला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

आता बीडला या. 2019 मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या आल्या, तेव्हा राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 स्त्री ऊसतोड कामगारांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहाजणींमागे एक! या बायका नवऱ्यासोबत एक 'कोयता' म्हणून मोजल्या जातात. उचल आधीच घेतलेली असते, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसात विसावा नाही. अशा बाईला अंगावरून पांढरं जाणं हा औषधाने बरा होणारा आजार नसून हंगाम बुडवणारी अडचण वाटते. काहींच्या अंडाशयांनाही हात लागतो आणि ऐन तिशीत हाडं दुखायला लागतात.

कुणी म्हणेल, बायकांनी स्वतःच मागितलं. आम्ही विचारतो, पर्याय सांगितला होता का? 1928 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की स्त्रीच्या श्रमातून ज्याचा फायदा होतो त्याने तिच्या शरीराचा भारही काही अंशी उचलावा. कारखाना तो उचलत नाही, मुकादमही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात असं सांगितलं. तेव्हा कार्यकर्त्यांनो, पुढच्या वेळी वस्तीत कुणी "पिशवी काढायची आहे" म्हणाली, तर तिच्यासोबत सरकारी दवाखान्यात जा आणि आधी तपासणीचा कागद मागा.