चुलबंदच्या काठावरून आकाशाकडे

2020 सालच्या ऑगस्ट महिन्याची अखेर लाखांदूर तालुक्यातील माणसे सहजासहजी विसरणार नाहीत. मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, वरच्या धरणांतून पाणी सुटले, गोसेखुर्दचे 33 दरवाजे उघडावे लागले आणि वैनगंगा काठ सोडून शिवारात शिरली. वैनगंगा फुगली की तिला मिळणाऱ्या चुलबंदचे पाणीही मागे रेटले जाते. रोवणी आटोपलेल्या धानाच्या बांध्या पाण्याखाली गेल्या. सूचना वेळेवर मिळाली नाही, अशी तक्रार तेव्हा काठावरच्या गावांतून ऐकू आली. पुढे त्या भागात गेलो असता एका वृद्ध शेतकऱ्याने धुऱ्यावर उभे राहून आम्हाला विचारले, "फादर, वरून सारं दिसते म्हणतात. मग आमाले कोणी सांगतलं काऊन नाही?"

प्रश्न साधा होता; उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्याचा शोध घेताना आम्हाला भारतीय अवकाशयुगाच्या आरंभापर्यंत मागे जावे लागले आणि तिथे एक चर्च भेटले.

4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्यानंतर पाच वर्षांनी, 1962 साली, डॉ. विक्रम साराभाई यांच्या नेतृत्वाखाली भारतात अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. अग्निबाण सोडण्यासाठी जागा हवी होती. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा या मच्छीमारांच्या गावाजवळून जाते; वातावरणाच्या वरच्या थरांच्या अभ्यासाला ती जागा फार सोयीची. पण तेथे संत मरिया मग्दालेनेचे चर्च होते, बिशपांचे निवासस्थान होते आणि भोवती कोळ्यांची घरे होती. डॉ. अब्दुल कलाम यांनी सांगितलेली हकिगत अशी, की त्रिवेंद्रमचे बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी साराभाईंना लगेच होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. त्यांनी त्यांना रविवारच्या उपासनेला बोलावले, सारा प्रश्न भाविकांपुढे मांडला आणि भाविकांनी एकमुखाने 'आमेन' म्हटले.

चर्चची वास्तू शास्त्रज्ञांचे कार्यालय झाली आणि आज ती अवकाश संग्रहालय म्हणून उभी आहे. 21 नोव्हेंबर 1963 रोजी येथून पहिला अग्निबाण आकाशात गेला. तो उपग्रह वाहून नेणारा नव्हता, केवळ वातावरणाची पाहणी करणारा होता. परंतु पुढच्या साऱ्या वाटचालीची मुहूर्तमेढ तीच. आमच्या धर्मबांधवांच्या या त्यागाचा आम्ही नेहमी अभिमानाने उल्लेख करतो. मात्र हा त्याग कशासाठी मागितला गेला, हे सहसा विसरतो. साराभाईंनी चंद्रावर जाण्याची शर्यत हे आपले ध्येय मानले नव्हते. प्रगत तंत्रज्ञान सामान्य माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या अडचणींवर वापरता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. थुंब्याच्या कोळ्यांनी जागा दिली ती या उद्दिष्टाला.

त्या उद्दिष्टाची पहिली मोठी परीक्षा घेणाऱ्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता. कोल्हापुरात 1925 साली जन्मलेले डॉ. एकनाथ चिटणीस हे थुंब्याच्या निवडीपासून साराभाईंसोबत होते. शंभरी पाहून ऑक्टोबर 2025 मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे 2400 गावांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा जो प्रयोग झाला, त्याची धुरा त्यांनी वाहिली. जाळीच्या छत्र्या उभारून शेती, आरोग्य आणि शिक्षण यांचे कार्यक्रम अशा गावांत दाखवले गेले, की ज्यांतील अनेकांनी सिनेमाही पाहिला नव्हता. आपल्या पूर्वेचे रायपूर आणि दुर्गचे मुलूख त्या प्रयोगात होते, महाराष्ट्र नव्हता.

महाराष्ट्राचा उपग्रहाशी संबंध आला तो वेगळ्या वाटेने. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ आर्वी येथे 1971 साली भूकेंद्र सुरू झाले. सुमारे 30 मीटर व्यासाच्या त्याच्या थाळीतून हिंदी महासागरावरील उपग्रहामार्फत परदेशी दूरध्वनी जोडले जाऊ लागले. विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून तो आपल्याला एका जागी स्थिर भासतो. दूरसंचाराचे सारे रहस्य त्यात आहे. 1983 साली इन्सॅट-1बी अशाच कक्षेत स्थिरावला आणि दूरध्वनी व दूरचित्रवाणीबरोबर ढगांची छायाचित्रेही नित्य मिळू लागली.

17 मार्च 1988 रोजी आयआरएस-1ए हा दूरसंवेदन उपग्रह सुमारे 900 किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत गेला. दर 22 दिवसांनी तो त्याच भूभागावरून जाई आणि जंगल, पडीक जमीन, तलाव, पिके यांची चित्रे टिपी. त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. मालगुजारी तलावांच्या आमच्या भंडारा जिल्ह्याला ही मोठीच सोय होती. पण त्या दृष्टीला एक मर्यादा होती. तिला सूर्यप्रकाश लागे आणि ढगांपुढे ती हतबल होई. धानाचे पीक तर उभे राहते ते नेमके ढगांखाली. पूर येतो तोही ढगांखालीच. लाखांदुरास पाहण्याची ज्या दिवसांत सर्वाधिक गरज, त्याच दिवसांत ते दिसत नसे. 26 एप्रिल 2012 रोजी सोडलेल्या रिसॅट-1 ने ही उणीव पुष्कळशी भरून काढली. त्याचे रडार स्वतःच्या लहरी खाली सोडी आणि परत येणाऱ्या लहरींवरून रात्रीही, ढगांआडूनही, पाणी कोठे पसरले आहे ते दाखवी.

आकाशातून केवळ ज्ञानच येते असेही नाही. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या आकाशात जळत्या गोळ्यांची रांग दिसली. ब्रह्मपुरीच्या पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे कोसळले. ते एका चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. उपग्रह नेणाऱ्या वाहनाचा कचरा अचूक आमच्या दारी पोचला; उपग्रहाने दिलेली सूचना मात्र पोचेलच याची शाश्वती नाही, हा विरोधाभास आमच्या मनातून जात नाही.

सूचना पोचली तर काय होते, याचे उदाहरण ओडिशाने घालून दिले आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. तेव्हाही उपग्रह होते, वादळ दिसतही होते. 2013 साली फायलिन वादळ आले तेव्हा लाखो लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलवले गेले आणि बळींची संख्या पन्नासच्या आत राहिली. उपग्रह सुधारले होते हे खरे. परंतु त्याहून अधिक सुधारली होती ती खालची व्यवस्था. निवारे होते, दवंडी होती, दार ठोठावणारा माणूस होता.

तेव्हा धुऱ्यावरच्या त्या वृद्धास आमचे उत्तर आता असे आहे. वरून दिसते, हे खरे. परंतु दिसणे हे यंत्राचे काम आणि सांगणे हे माणसाचे. हजारो कोसांचे अंतर कापून आलेला निरोप अखेरच्या दोन कोसांत, कधी एखाद्या कार्यालयात, कधी दोन राज्यांच्या सीमेवर, कधी आपल्याच गावाच्या आळसात अडकतो. पावसाळ्यात धरणाच्या विसर्गाची बातमी आपल्या वस्तीत कोण आणणार आणि ज्याच्याजवळ फोन नाही त्याच्या घरी कोण जाणार, हे प्रत्येक गावाने मृगाआधी ठरवून ठेवावे. आमच्या चर्चची घंटा त्या कामी लागली, तर ती उपासनेखेरीज वाजली म्हणून आम्ही मुळीच हरकत घेणार नाही. थुंब्याच्या भाविकांनी तर अख्खे चर्चच दिले होते.